कामगारांचा पहिला कैवारी : रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे

(द्वितीय वर्ष, कला)

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या कोल्हापुरातील केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेले, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर या नावाने सुरू झालेले हे रंगमंदिर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सारे शहर हळहळले. नटांनी, गायकांनी, प्रेक्षकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यानंतर कितीतरी दिवस रंगमंचाविषयी, छताच्या जुन्या लाकडाविषयी आणि महाराजांच्या कलाप्रेमाविषयी बोलणे झाले. ते योग्यच होते. पण त्या रात्री धुरात उभे राहून ज्यांनी पाण्याचे पाईप धरले, ते जवान किती तासांच्या पाळीवर होते, एका बंबावर किती माणसे होती, त्यातल्या कोणाला त्या आठवड्यात सुट्टी मिळाली होती काय, हे फारसे कोणी विचारले नाही. आगीच्या दिवशी असले प्रश्न सुचतही नाहीत.

हे प्रश्न वर्षभर विचारते ती त्यांची कामगार संघटना. शहराच्या अग्निशमन दलातील संघटनांच्या मागण्या कधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येतात. रिकाम्या जागा भरा, पाळीचे तास ठरवा, साप्ताहिक सुट्टी द्या, जखमी झालेल्याचा पगार कापू नका, मृताच्या घरच्यांची सोय लावा. वाचायला रुक्ष असा हा मजकूर! कथा-कवितांच्या पानाकडे जाताना आपण तो ओलांडून जातो. परंतु माणसाच्या जिवाशी याइतका जवळचा मजकूर त्या वर्तमानपत्रात दुसरा नसतो. कामाचे तास, विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघाताची भरपाई या गोष्टी संघटना करून, लेखी मागणी करून, आपल्या महाराष्ट्रात प्रथम कोणी मागितल्या, याचा शोध घेतला की आपण १८८४ सालच्या मुंबईत जाऊन पोहोचतो. तेथे गिरणी कामगारांच्या गर्दीत एक गृहस्थ उभे असलेले दिसतात. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो. पण जनक म्हणून हार घातला की चरित्र वाचण्याची गरज उरत नाही असे आपल्याकडे पुष्कळांचे होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. जात फुलमाळी, घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले, परिस्थिती गरिबीची. ते पाच वर्षांचे असताना, १८५३ च्या एप्रिलमध्ये, बोरीबंदरहून निघालेली आगगाडी प्रथमच ठाण्याला येऊन थांबली. या गाडीने पुढे कोकणातल्या आणि घाटावरच्या लाखो माणसांना मुंबईला नेले. लोखंडे मॅट्रिकपर्यंत शिकले. ज्या घरात पाटी-पेन्सिल हीच नवलाची गोष्ट, अशा घरातील मुलाने त्या काळी मॅट्रिकपर्यंत जाणे म्हणजे काय, हे आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्यांना निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिक्षण संपल्यावर त्यांनी प्रथम रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढे मांडवी मिल या कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून ते लागले.

स्टोअरकीपरची नोकरी म्हणजे साच्यावरची नोकरी नव्हे. पट्टे, तेल, धोटे, बॉबिनी यांचा साठा सांभाळायचा आणि वहीत नोंद करायची. अंगावर रुई उडत नाही, कानठळ्या बसत नाहीत. महिन्याचा पगार घ्यावा आणि चाळीतल्या चार शेजाऱ्यांत मानाने राहावे, एवढी ही जागा चांगली. मात्र साच्यावर काम करणारा माणूस मोडलेली वस्तू बदलून घ्यायला याच खिडकीशी येतो. कोणता पट्टा कधी तुटला, कोणाच्या हाताला चिंध्या बांधल्या आहेत, कोण चार दिवस दिसला नाही आणि पाचव्या दिवशी त्याच्या जागी कोण आला, हे त्या खिडकीतून जसे दिसत असेल तसे मालकाच्या कचेरीतून दिसणे शक्य नव्हते.

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला उभारण्यास घेतली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत गिरण्यांची धुराडी उभी राहिली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून काम सूर्याच्या हिशेबाने चाले. उजाडता साचे सुरू आणि अंधारता बंद. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. दुपारच्या जेवणासाठी यंत्र थांबवण्याची रीत सर्वत्र नव्हती. डबा उघडायचा तो यंत्राच्या आवाजातच. आठवड्याच्या सुट्टीचा नियम नव्हता. सणावारी गिरणी बंद राही तेवढीच सुट्टी, आणि रविवारी यंत्रांची साफसफाई करायला कामगारांना बोलावले जाई. पगार महिना उलटून गेल्यावर, केव्हा तरी मिळे. तोपर्यंत वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज. एक खाडा झाला की दंड. माझे आजोबा परळला बदली कामगार होते. ते जो काळ सांगत तो याच्यानंतर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा, तरीही खाडा हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज खाली येई. मग १८८० सालची कथा काय असेल!

लोखंडे यांना बोलते केले ते सत्यशोधक समाजाने. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास या समाजाची स्थापना केली. त्याच्या मुंबईतील कार्यकर्त्यांत लोखंडे होते. समाजाच्या विचारांचे 'दीनबंधु' हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले होते. पैशांच्या अडचणीने ते चालेना. तेव्हा लोखंडे यांनी ते हाती घेतले आणि ९ मे १८८० पासून मुंबईहून चालवले. गिरणीतील बरी नोकरी सोडून त्यांनी बुडत्या वर्तमानपत्राची जबाबदारी घेतली. शेतकरी, कारागीर आणि गिरणीतला मजूर यांच्याविषयी लिहिणारे पत्र म्हणून 'दीनबंधु' ओळखले जाऊ लागले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक भाषणांतून गाळली जाते. फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा त्याचा सुरुवातीचा भाग लोखंडे यांनी 'दीनबंधु'मध्ये छापला आणि पुढचा छापण्याचे नाकारले. मजकूर फार जहाल आहे असे त्यांना वाटले असावे. जोतीराव संतापले. पुस्तकात त्यांनी या भित्रेपणाबद्दल चांगलेच कोरडे ओढले आहेत. गुरूने जाहीरपणे खडसावल्यावर दुसरा एखादा दूर गेला असता. लोखंडे गेले नाहीत. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातील सभागृहात जोतीरावांचा सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली, त्या कार्यात लोखंडे पुढे होते. मला स्वतःला हा प्रसंग लोखंडे यांच्या स्वभावाची किल्ली वाटतो. ते आगीत उडी घेणाऱ्यांपैकी नव्हते. अर्ज, सभा, सह्या, पुन्हा अर्ज, अशी त्यांची चाल होती. सावध माणूस होते ते. पण धरलेली गोष्ट सोडणारे नव्हते.

असो. कामगारांविषयी कायदा करावा हा विषय तेव्हा निघालेला होताच. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी समाजसेवकाने त्यासाठी १८७८ पासून खटपट चालवली होती. १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, धोक्याच्या यंत्रांना कठडे घालावेत, एवढेच त्यात होते. शंभर किंवा अधिक माणसे जेथे काम करीत त्या कारखान्यांनाच तो लागू होता. मोठ्या माणसांविषयी, स्त्रियांविषयी एक अक्षर नव्हते.

गंमत अशी की, या कायद्याला आपल्याच पुढाऱ्यांचा विरोध होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईचे सूत डोळ्यांत खुपते, म्हणून ते विलायतेत दडपण आणून इथल्या गिरण्यांना कायद्याच्या बेड्या घालू पाहतात, असे बहुतेक देशी वर्तमानपत्रांचे मत होते. त्यात खोटे काही नव्हते. मँचेस्टरवाल्यांना मुंबईच्या मजुराची दया आली होती असे कोणी समजू नये. परंतु यामुळे लोखंडे मोठ्या अडचणीत सापडले. कामगाराला सुट्टी द्या म्हणावे तर परक्या व्यापाऱ्याचा हस्तक ठरावे, आणि गप्प बसावे तर मजूर चौदा तास राबतोच आहे. लोखंडे यांनी पहिला आरोप पत्करला. धंदा देशी आहे म्हणून त्यातल्या माणसाचे हाल कमी होत नाहीत, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. आज हे सोपे वाटते. १८८० नंतरच्या मुंबईत, जेव्हा शिकलेले सगळे एका बाजूला होते, तेव्हा सोपे नव्हते.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमले. मालकांचे म्हणणे मांडायला त्यांची संघटना १८७५ पासून उभी होती. कामगारांचे कोण मांडणार? २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली. पुन्हा २६ तारखेला दुसरी सभा झाली. या सभांतून बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था पुढे आली. कमिशनकडे द्यायचा अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेण्यात आल्या. ज्यांना आपले नाव काढता येत नव्हते अशीच माणसे त्यात बहुसंख्य. तेव्हा हे केवढे काम असेल याचा विचार करावा. चाळीचाळीतून फिरायचे, अर्जात काय आहे ते वाचून दाखवायचे, मुकादमाच्या भीतीने मागे सरणाऱ्याला धीर द्यायचा, आणि हे सारे साचे थांबल्यावर, रात्री.

अर्जातील मागण्या पाच होत्या. रविवारी सर्वांना पूर्ण सुट्टी असावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर असताना इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार द्यावा आणि तो कायमचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

या यादीत पगार वाढवा अशी मागणी नाही. वाचताना मी तेथे थांबले. ज्यांना दोन वेळा पोटभर मिळत नव्हते, त्यांच्या पुढाऱ्याने पैशाआधी वेळ मागितला, आणि शरीर मोडल्यास जबाबदार कोण हे ठरवून मागितले. माझ्या मते यात लोखंडे यांचा गिरणीतला अनुभव बोलतो. थकलेल्या माणसाचा हात पट्ट्यात जातो. तेराव्या तासाला लक्ष उडते. तेव्हा विश्रांती ही सुरक्षिततेचीच बाब आहे, यंत्राभोवतीच्या कठड्याइतकीच. कायद्याने कठडा दिला होता, विश्रांती दिली नव्हती. पाचवी मागणी तर मला घरातली वाटते. माझे वडील एका कारखान्यात लेथवर काम करतात. त्यांचे बोट सापडले तेव्हा तीन आठवडे ते घरी होते आणि त्या तीन आठवड्यांचा पगार मिळवण्यासाठी आईला चार वेळा कचेरीत जावे लागले होते. १८८४ चा हा अर्ज आईला वाचून दाखवला, तेव्हा हा माणूस कुठल्या कारखान्यात होता, एवढेच तिने विचारले.

लोखंडे यांची संस्था आजच्या अर्थाने कामगार संघटना होती काय, यावर अभ्यासकांत वाद आहे. सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता, घटना नव्हती. त्यांनी संप पुकारला नाही. ते अध्यक्ष, तेच चिटणीस आणि तेच कारकून असा एकंदर कारभार. सरकारी अहवालातही या उणिवा नमूद झाल्या. हे खरे मानूनही मला वाटते की, वही नसली तरी साडेपाच हजार सह्या होत्या, आणि कामगारांना एकत्र येण्याचा अधिकार देणारा ट्रेड युनियन कायदा व्हायला अजून बेचाळीस वर्षे होती. तो १९२६ मध्ये झाला. पायवाट पडण्याआधी चाललेल्या माणसाला सडक का बांधली नाहीस असे विचारण्यात अर्थ नाही.

कमिशनकडून हाती काही लागले नाही. वर्षे गेली. लोखंडे पुन्हा अर्ज करीत राहिले, 'दीनबंधु'तून लिहीत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सजवळील मैदानात त्यांनी कामगारांची प्रचंड सभा भरवली. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. हे वाक्य पुन्हा वाचावे अशी विनंती आहे. १८९० साल, उघडे मैदान, हजारो पुरुषांची गर्दी आणि त्यात गिरणीत राबणाऱ्या दोन बायका उभ्या राहून आपले म्हणणे सांगतात. त्यांची नावे कोणत्या फलकावर नाहीत. त्यांना बोलायला उभे करणारा अध्यक्षही आपण लक्षात ठेवला पाहिजे.

सभेतून साप्ताहिक सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघटनेकडे गेला. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण ज्या रविवारी उशिरापर्यंत लोळतो, अभ्यास उद्यावर ढकलतो आणि दुपारी तांबड्या रश्श्याची वाट पाहतो, तो रविवार असा अर्ज करून, सभा भरवून मिळवलेला आहे.

आता आरंभी ज्यांची आठवण काढली त्या अग्निशमन दलाकडे क्षणभर वळतो, कारण रविवारची सुट्टी म्हणजे नेमके काय, हे तेथे स्पष्ट दिसते. गिरणीत भोंगा वाजला नाही की सर्वांना एकाच वेळी सुट्टी देता येते. बंबखान्यात असे करता येत नाही. आग रविवार पाळत नाही. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम करायचे म्हटले, तर बंबावरची एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. बंबावर सहा जण हवे असतील तर एकवीस. यात आजारपण, रजा, प्रशिक्षण धरलेले नाही. म्हणजे तेथे सुट्टी मागणे हे माणसे भरा असे मागणेच होय. जागा रिकाम्या ठेवल्या की दोनच गोष्टी होतात. एकतर आहे त्या माणसांची पाळी लांबते, नाहीतर सहाच्या बंबावर चौघे निघतात. दोन्हींत जीव धोक्यात येतो, जवानाचा आणि ज्याच्या घराला आग लागली त्याचाही. अग्निशमन कामगारांच्या संघटना संख्येचा घोष का करतात, हे हा त्रैराशिकाचा हिशेब मांडल्यावर मला कळले. एरवी शहराला ही संख्या कळते ती फार मोठी किंमत देऊन. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या भरलेली 'फोर्ट स्टिकीन' ही बोट पेटली. ती विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत याच दलाने चार अधिकारी गमावले. मुंबईत आगीपासून संरक्षणाची जबाबदारी महापालिकेवर आली ती १८८८ च्या कायद्याने, म्हणजे लोखंडे यांच्या दोन मोठ्या सभांच्या मधल्या काळात. गिरण्यांच्या कापसाच्या वखारी पेटत तेव्हा धावून जाणारे जवान आणि आत राबणारे मजूर एकाच चाळीत राहणारे असणार.

मूळ विषयाकडे येऊ. १८९० मध्ये हिंदुस्थान सरकारने नवे फॅक्टरी कमिशन नेमले, त्यात मुंबईपुरते लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. सहा वर्षांपूर्वी जो दाराबाहेर अर्ज घेऊन उभा होता, तो आता आत बसला. त्यातून १८९१ चा कायदा झाला. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात आली, स्त्रियांचे काम अकरा तासांपुरते मर्यादित झाले, मुलांचे किमान वय नऊ ठरले आणि पन्नास माणसांच्या कारखान्यांनाही कायदा लागू झाला. पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा घातली गेली नाही. कापड गिरण्यांतल्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळाली १९११ मध्ये, आठवड्याला साठ तासांची १९२२ मध्ये आणि अठ्ठेचाळीस तासांची स्वातंत्र्यानंतर, १९४८ च्या कायद्याने.

लोखंडे यांचे काम गिरणीच्या फाटकाशी संपत नव्हते. १८९० मध्ये त्यांनी मुंबईच्या न्हाव्यांना एकत्र करून, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असा निर्धार त्यांच्याकडून करवून घेतला. या संपात मागणारे आणि मिळवणारे वेगळे होते. न्हाव्यांनी आपली मजुरी बुडवली ती परक्या घरातल्या, बहुधा वरच्या जातीतल्या बाईसाठी. सुधारणेवर व्याख्याने देणारे त्या काळी पुष्कळ होते. वस्तरा ज्याच्या हातात आहे त्यालाच तो खाली ठेवायला सांगावे, हे सुचले ते कामगारांत वावरणाऱ्या माणसाला.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भयंकर दंगा झाला. गिरणगावात माणसे माणसांवर धावली. लोखंडे यांनी राणीच्या बागेत सर्व जातिधर्मांच्या कामगारांची एकोप्याची सभा घेतली. एकाच खात्यात शेजारी शेजारी साचे चालवणारी माणसे रस्त्यावर एकमेकांचे गळे धरतात, हे त्यांना सहन झाले नाही. या कामानंतर सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. ते जस्टिस ऑफ द पीसही झाले.

या पदवीवरून त्यांच्यावर टीका होते. ते सरकारनिष्ठ होते, राष्ट्रीय चळवळीपासून दूर होते, असे म्हणतात. ते होतेच. सत्यशोधकांपैकी अनेकांना इंग्रज सरकारपेक्षा गावचा सावकार आणि भटजी जवळचे आणि जाचक वाटत. या बाबतीत त्यांचे सर्वच बरोबर होते असे मला म्हणवत नाही. पण पदवी मिळाल्यावर त्यांनी परळ सोडून मलबार हिल गाठली नाही, एवढे नक्की. आपल्या कोल्हापूरचा धागाही याच परंपरेत आहे. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी केली, आणि १९१८ मध्ये परळच्या कामगार सभेचे अध्यक्ष म्हणून त्याच गिरणगावात उभे राहून मजुरांना संघटना करण्याचा सल्ला दिला. स्वतः गिरणीचा संस्थापक असलेल्या राजाने तो द्यावा, हे विशेष. लोखंडे तेव्हा हयात असते तर सत्तर वर्षांचे असते.

पण ते पन्नाशीलाही पोहोचले नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. शहर रिकामे होऊ लागले. गिरण्या ओस पडल्या. ज्यांना गावी घर होते ते गावी पळाले, ज्यांना नव्हते ते चाळीत राहिले. लोखंडे यांना जाता आले असते. ते मुंबईतच राहिले आणि रोग्यांसाठी त्यांनी मराठा हॉस्पिटल उभे करण्याच्या कामाला वाहून घेतले. शेवटी त्यांनाही प्लेग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सुमारे महिन्याने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

त्यांच्या पाच मागण्यांतील शेवटची, कामावर इजा झालेल्याला भरपाई देण्याची, कायद्यात आली ती १९२३ मध्ये, अर्ज केल्यापासून एकोणचाळीस वर्षांनी. तासांचा वाद अजून मिटलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली, तेव्हा तो पुन्हा वर आला. ३ मे २००५ रोजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. रेल्वेच्या टपालात ज्यांनी पहिली नोकरी केली त्यांचे चित्र एकशे आठ वर्षांनी पत्रावर आले. परळला राज्य शासनाची कामगार विषयांचे शिक्षण देणारी संस्था आहे, तिला त्यांचे नाव आहे. पदवीनंतर तेथे कामगार कायद्याचा अभ्यासक्रम पुरा करता येतो. आपल्या वर्गातील कोणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून हेही येथे लिहून ठेवते.